गूळतुला

चातुर्मासात एक खाण्याची वस्तू सोडायची आणि एक सवय सोडायची, असा आमच्याकडे सासूबाईंपासूनचा नेम. त्या वर्षी मी गूळ सोडला आणि निंदा सोडली. गुळाचं काही वाटलं नाही, चहा साखरेचा प्याले. निंदेचंही काही वाटलं नसतं, पण त्याच जूनमध्ये आमच्या कन्या शाळेत शाल्मली आली.

आमचं गाव पवनारच्या पुढे, नागपूर रस्त्यापासून जरा आत. शाल्मलीचं घर वर्ध्याला, पिपरी मेघेत. रोज बसनं यायची. शिक्षणसेवक म्हणून लागलेली, म्हणजे तीन वर्षं मानधनावर काम, दर मार्चला कामाचा आढावा आणि ठेवायचं की नाही, पुढे कायम करायचं की नाही ते संस्थेच्या हाती. उन्हातून आली तरी चेहरा आत्ताच धुतल्यासारखा. पोरींना पहिल्याच दिवशी नावानं हाक मारायला लागली. मला माझ्या वर्गातल्या पोरींची नावं दिवाळीपर्यंत पाठ होत नाहीत, आडनावांवर भागवते.

इतिहास मी शिकवत होते. पाचवीपासून दहावीपर्यंत, सगळ्यांना. हेडसरांनी त्यातली नववी काढून तिला दिली. "कौशल्या मॅडम, तुमच्यावरचा भार थोडा कमी करतो," म्हणाले. मी कधी भार म्हटला होता?

नववीचा वर्ग माझ्या सातवीला लागून, मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. ऑगस्टमधल्या एका दुपारी तिकडून पोरींचा हसण्याचा आवाज आला. मी सातवीला नकाशा भरायला दिला आणि दारात जाऊन उभी राहिले.

टेबलावर नत्थू किराणावाल्याचा तराजू. शेजारी नदीतल्या गोट्यांचा ढीग.

"आज आपण अण्णाजींना तोलायचं," शाल्मली म्हणाली.

अण्णाजी म्हणजे आमच्या शाळेचे संस्थापक. त्यांचा फोटो प्रत्येक वर्गात आहे. ऑफिसात तर भला मोठा आहे. बेचाळीसच्या चळवळीत जेलात जाऊन आले, तेव्हा गावानं त्यांची गूळतुला केली होती, त्याचा. एका पारड्यात अण्णाजी मांडी घालून बसलेले, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या.

"एका पारड्यात काय टाकाल? सांगा."

"शाळा काढली!" एक गोटा पडला.

"जेलात गेल्ते!"

"विहीर सगळ्यायले खुली केली!"

"आणि दुसऱ्यात?"

पोरींनी हातातले गोटे घोळवले. मग कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्यात काही नाई, मॅडम."

"मग हा तराजू कशाला आणला? पिशवीच आणली असती."

त्यावर पुन्हा हसणं. मागच्या बाकावरची एक उठली. "मॅडम, तुला म्हंजे काय वो? मले-तुले वालं तुला?"

"नाही गं, तुला म्हणजे तोलणं. माणसाच्या वजनाइतकी वस्तू घालायची आणि ती वाटायची."

तेव्हा अंजू बोलली. माझी अंजू. पाचवीपासून मी तिला भाषणाला तयार केलेली, तिचा 'श' आणि 'ष' मी वेगळा केलेला. ती म्हणाली, "मॅडम, फोटोत दुसऱ्या पारड्यात गूळ हाये. गुळाशी तोललं तर कोणीबी गोडच निंगन नं!"

सगळा वर्ग हसला. शाल्मलीही हसली आणि मग तिनं जे केलं ते मला रात्रभर टोचत राहिलं. तिनं टेबलावरचा एक गोटा उचलून अंजूच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हे तू माझ्याआधी पाहिलंस. मी दोन महिने तो फोटो बघते आहे, मला नाही दिसलं." अंजूचा चेहरा असा उजळला! चार वर्षांत माझ्यापुढे नाही कधी उजळला. माझ्यापुढे ती चुका टाळण्यातच असायची.

"दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं ते आपल्याला माहीत नाही," शाल्मली म्हणाली. "नसेलही काही. असलं, तर ज्यांना माहीत आहे त्यांना जाऊन विचारायचं. आणि लक्षात ठेवा, निकाल द्यायचा नाही आपल्याला. काय काय टाकलं ते नीट बघायचं."

मी सातवीत परत आले. पोरींनी नकाशात बंगालचा उपसागर पश्चिमेला काढला होता. मी तशीच खाली सही केली.

अण्णाजींची जयंती भाद्रपदात येते. त्या दिवशी गाव शाळेत येतं, वर्ध्याहून पाहुणे येतात आणि एक मुलगी अण्णाजींवर भाषण करते. ते भाषण मी लिहायची, मुलगी मी निवडायची. 'त्यागाच्या यज्ञकुंडातून उसळलेली ज्वाला म्हणजे अण्णाजी' अशी सुरुवात. पाहुणे दरवर्षी विचारायचे, कोणी बसवलं हो भाषण? आणि हेडसर माझ्याकडे बोट करायचे. खरं सांगायचं तर वर्षभरात माझं असं तेवढंच होतं. त्या वर्षी हेडसर म्हणाले, "यंदा नववी शाल्मली मॅडमकडे आहे आणि अंजू नववीत आहे, तर भाषण त्यांनाच पाहू द्या."

मी म्हटलं, "बरं."

घरी येऊन माळ घेऊन बसले. मणी सरकत होते आणि प्रत्येक मण्यागणिक डोळ्यांपुढे तो गोटा.

दर गुरुवारी संध्याकाळी मी यशोदाबाईंकडे वाती वळायला जाते. यशोदाबाई म्हणजे अण्णाजींची थोरली मुलगी. नवरा गेल्यावर माहेरी आल्या, वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. जयंतीला त्यांना स्टेजवर बसवतात, शाल-नारळ देतात, त्या हात जोडतात आणि मग त्यांना घरी परत आणून सोडतात. बोलायला कोणी सांगत नाही. मी लाखवातींचा संकल्प केला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माह्यापाशी ये, दोघी मिळून वळू." संकल्प कधीच पुरा झाला, पण आमच्या गुरुवारात खंड नाही. सरकी काढलेला कापूस त्यांचा, वळताना लावायचं गाईच्या दुधाचं बोट माझं.

त्या गुरुवारी त्यांच्या दाराबाहेर चपलाच चपला. आत नववीच्या सात-आठ पोरी, मधे शाल्मली, जमिनीवर मांडी घालून. यशोदाबाई बोलत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला पाहून शाल्मली उठली, "या ना मॅडम," म्हणाली. जसं काही तिचंच घर.

"आमचं झालंच," असं म्हणून ती पोरींना घेऊन गेली. मी कापूस पुढे ओढला.

"काय विचारत होत्या?"

"शाळेचं. म्हने, आजी, तुमी कितवी शिकल्या? मी म्हटलं चौथी. म्हने, काऊन? बाबांची शाळा तर सातवीपर्यंत होती. मंग सांगून देल्लं." त्यांनी वात दोन तळव्यांमधे फिरवली. "बाबा दुसऱ्यायच्या घरी जाऊन, हात जोडू जोडू पोरी मांगून आणत शाळेसाठी. अन् मले चौथीनंतर काढलं. दोस्ताले शब्द देल्ला होता, तुह्या पोराले माही पोरगी देतो म्हून. तेराव्या वर्षी लगन. पाचवीचा वर्ग त्याच साली सुरू झाला. माह्या मैत्रिणी त्यात बसल्या."

मी हे ऐकत होते आणि मला वाईट कशाचं वाटत होतं? त्या लहान मुलीचं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं, इतके गुरुवार मी इथे बसले आणि मला हे माहीत नाही. आणि ती काल आलेली पोरगी एका संध्याकाळी घेऊन गेली.

"मला कधी बोलल्या नाहीत तुम्ही."

"तू कधी विचारलं काऊन नाई?" यशोदाबाई म्हणाल्या. रागानं नाही. वाती मोजताना बोलतात तसं.

दोन दिवसांनी संस्थेचे सचिव देवेंद्रभाऊ शाळेत आले. अण्णाजींचा नातू, यशोदाबाईंचा भाचा. वर्ध्याला सिमेंटची एजन्सी, शाळेत फक्त जयंतीला आणि भरतीला दिसायचे. हेडसरांना बाहेर बसवून त्यांनी मला आत बोलावलं. भिंतीवर अण्णाजी पारड्यात बसलेले.

"मॅडम, बैठिए. तुम्ही जुन्या आहात, देवधर्म करणाऱ्या. खोटं बोलणार नाही म्हणून तुम्हालाच विचारतो. ही नवीन मॅडम पोरींना आत्याकडे घेऊन गेली होती. अण्णाजींची बदनामी शिकवून राह्यली म्हणतात. खरं आहे का?"

मी खाली बघत राहिले.

"वर्गात तराजू आणला होता म्हणे. अण्णाजींना किराणावाल्याच्या तराजूत तोलते?"

आता इथे मला बोलायला दोन वाटा होत्या. 'नाही हो, ती बदनामी शिकवत नाही,' असं म्हणायचं, किंवा 'हो' म्हणायचं. 'हो' म्हणणं म्हणजे निंदा, ते माझं बंद होतं. आणि 'नाही' जिभेवर येत नव्हतं. नेमाचं कुलूप लावून मी गप्प बसले. पोथीत सांगितलेलं शांतपण चेहऱ्यावर आणलं.

देवेंद्रभाऊंनी मान हलवली. "समजलो. तुमचा नेम असतो चातुर्मासात, निंदा करायची नाही. हेडसर सांगत होते. तुम्ही बोलणार नाही. पण जे समजायचं ते समजलो मी." उठता उठता म्हणाले, "भाषण तुम्हीच बसवा यंदाही. आणि त्या मॅडमचं मार्चमध्ये बघू आम्ही."

माझा नेम मोडला नव्हता. भाषण परत आलं होतं. त्या दिवशी मी संध्याकाळी देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

अंजू सोमवारपासून माझ्याकडे तालमीला यायला लागली. 'त्यागाच्या यज्ञकुंडातून उसळलेली ज्वाला' तिनं एकही चूक न करता म्हटली. हात कुठे वर न्यायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. संपल्यावर म्हणाली, "मॅडम, जाऊ?"

"पुन्हा एकदा म्हण. जीव ओतून."

"जीव ओतूनच म्हटलं, मॅडम."

"शाल्मली मॅडमकडे असं म्हणत होतीस का?"

विचारायला नको होतं. ती नखानं बाकाचा रंग खरवडत राहिली. "तिकडे पाठ नव्हतं करायचं. तिकडे मीच लिहून राह्यली होती."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाल्मली माझ्या शेजारी डबा उघडून बसली. तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. माझा सोमवार म्हणून अर्धी माझ्या झाकणात वाढली. माझा सोमवार तिला कोणी सांगितला कोण जाणे.

"मॅडम, कोणीतरी देवेंद्रभाऊंना माझ्याबद्दल सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "हेडसर म्हणतात, मार्चनंतर अवघड आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांवर संशय येतो आता. एक तुम्ही सोडून. तुम्ही कोणाबद्दल वाईट बोलतच नाही."

खिचडीत दाण्याचं कूट अगदी बेताचं होतं. तेसुद्धा तिला बरोबर जमावं! मी खाल्ली. झाकण पुसून खाल्ली.

गुरुवारी मी लवकर गेले. यशोदाबाईंनी कापूस पिंजून ठेवला होता.

"भाषण कोनाचं यंदा?"

"माझं."

"म्हंजे मांगच्या सारखंच. ज्वाला-बिला." त्या हसल्या. दात नाहीत, हसल्या की लहान मुलीसारख्या दिसतात.

मी एक वात वळून ठेवली. मग म्हटलं, "यशोदाबाई, त्या पोरींना सांगितलं नाही असं काही आहे का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला काय हवं होतं हे त्यांना कळलं असणार. मला अण्णाजी हवे नव्हते, आणि त्यांचं दुःखही हवं नव्हतं. शाल्मलीला न मिळालेलं काहीतरी हवं होतं, फक्त माझं.

"विचारलं म्हून सांगतो," त्या म्हणाल्या. "बाबा जेलातून सुटून आले तवा गावानं गूळतुला केली. तो फोटो हाये नं हापिसात? मी सासरून आल्ती, कडेवर माही लेक, सा-सात महिन्याची. तोलून झाल्यावर तो गूळ शाळेतल्या पोरींले वाटायचा ठरला होता. सगळ्या पोरी लायनीत. मी बी जाऊन उभी राह्यलो. माह्याच मैत्रिणी होत्या नं, सातवीत गेलेल्या, दोघी तर पुढं मास्तरणी झाल्या. माहा नंबर आला तर वाटणारे गुरुजी म्हने, बाई, हा गूळ शाळेतल्या पोरींचा हाये."

त्यांनी हातातली वात खाली ठेवली.

"बाबा पारड्याजवळच उभे होते. त्यायनं पाह्यलं. काही बोलले नाई. चारचौघांत काय बोलतीन? संध्याकाळी मी चुलीपाशी होतो. बाबा आले. धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा. माह्यापुढं धरला. तोंडातून शब्द नाई. दिसभर भाषणं करून आलेला माणूस, अन् मुका."

"तुम्ही घेतला?"

"घेतला. पन खाल्ला नाई. लेकीच्या तोंडात देल्ला, चाटवला. पुढं ते लेक मॅट्रिक झाली. बाबांनीच तिले शाळेत बसवलं, माह्या सासऱ्याशी भांडून." त्या पुन्हा वात वळायला लागल्या. "आता सांग, हे कोनत्या पारड्यात टाकशीन तू?"

मी पुढची वात वळायला घेतली. वीसेक वर्षं इतिहास शिकवला, पण असा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता.

वाटेत येताना मी ती गोष्ट मनाशी घट्ट धरली होती. ही माझी. ही मी भाषणात घालेन, लोक विचारतील कोणी शोधलं, हेडसर माझ्याकडे बोट करतील. घरी येऊन कागद घेतला. 'त्यागाच्या यज्ञकुंडातून' लिहिलं आणि पुढे तो गुळाचा खडा कुठेच बसेना. ज्वालेच्या शेजारी तो सोग्यातला खडा ठेवायचा कसा? जे भाषण अंजूनं स्वतः लिहायला घेतलं होतं, त्यात तो बसला असता. त्यात जागा होती, माझ्यात नव्हती. फार चिडले मी. शाल्मलीवरच चिडले, आणखी कोणावर चिडणार!

सकाळी तुळशीला पाणी घालताना मात्र एक सरळ गोष्ट लक्षात आली. नेम निंदेचा होता. कोणाचं चांगलं बोलायचं नाही असा नेम मी केलेला नव्हता. मग देवेंद्रभाऊंपुढे माझी जीभ कशानं धरली होती?

शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वर्ध्याला गेले. देवेंद्रभाऊ सिमेंटच्या पोत्यांमधल्या टेबलाशी बसले होते.

"भाऊ, त्या दिवशी मी गप्प बसले त्याचा तुम्ही उलटा अर्थ घेतला. शाल्मली बदनामी शिकवत नाही."

"मग तेव्हा का नाही बोलल्या?"

"तिची स्तुती करायची माझी इच्छा नव्हती."

ते बघतच राहिले. मला वाटतं मी आयुष्यात एवढं उद्धट कधी बोलले नव्हते, आणि तेही इतक्या हळू आवाजात.

"ती चांगलं शिकवते," मी म्हटलं. एकेक शब्द कडू गोळीसारखा बाहेर येत होता. "माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. पोरी तिच्याकडे स्वतः विचार करतात. भाषण तिच्याकडे परत द्या. आणि मार्चमध्ये तिच्याबद्दल कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा, मी हेच सांगेन."

"पण आत्याचं ते लग्नाचं प्रकरण स्टेजवर? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या आत्यांना विचारा ना. त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही."

देवेंद्रभाऊंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "मी येतो संध्याकाळी आत्याकडे," म्हणाले. गेले की नाही, काय बोलणं झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी भाषण शाल्मलीकडे दिलं.

गुळाची गोष्ट मी अंजूला सांगितली. शाल्मलीला नाही. एवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं. अंजूला जवळ बसवून, पूर्ण, यशोदाबाईंच्या शब्दांत सांगितली. तिनं वहीचं कोरं पान उघडलं. शेवटी फक्त म्हणाली, "मॅडम, हे लिहू?"

"लिही."

जयंतीला मंडप भरला होता. अंजू हात न हलवता बोलली. शाळा, जेल, विहीर. मग चौथीनंतर काढलेली मुलगी. मंडपात चुळबुळ झाली, पुढच्या रांगेत देवेंद्रभाऊ मान खाली घालून बसले होते. मग तिनं गूळ सांगितला. आणि म्हणाली, "आमच्या मॅडमनी आम्हाला निकाल द्यायला सांगितलं नाही. म्हून मी देत नाही. अण्णाजींच्या फोटोला मी आज हार घातला. आणि आजीपुढं हात जोडले. दोन्ही मी मनापासून केलं."

'आमच्या मॅडमनी' म्हणजे कोण, ते मंडपात सगळ्यांना ठाऊक होतं.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात शाल्मली स्टेजच्या बाजूनं पुढे झाली आणि तिनं अंजूच्या हातात एक वाटी दिली. वाटीत गूळ होता. अंजू यशोदाबाईंपुढे वाकली. "आजी, हा शाळेतल्या पोरींचा हाये."

यशोदाबाईंनी वाटीकडे बघितलं, अंजूकडे बघितलं. दोन्ही हातांनी खडा उचलला, मोडला आणि अर्धा तोंडात टाकला. मंडपात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझे डोळे कोरडे. मी तिथे बसून एकच विचार करत होते की गोष्ट मी आणली, अंजूला मी सांगितली, मग ही वाटी मला का नाही सुचली? आदल्या दिवशी अंजूच्या कागदावर शाल्मलीनं ती गोष्ट वाचली असेल आणि तिला एका क्षणात सुचलं असेल. गूळ तर माझ्याही घरात होता, डब्यात, आषाढीपासून न उघडलेला.

पाहुण्यांनी विचारलं, कोणी बसवलं भाषण? हेडसरांनी शाल्मलीकडे बोट केलं. शाल्मलीनं अंजूकडे केलं.

त्या गुरुवारी यशोदाबाई म्हणाल्या, "नत्थूचा गूळ जरासा खारट होता वो."

"शाल्मलीनं आणला होता. मी आणला असता तर चांगला पाहून आणला असता."

त्या हसल्या, खूप वेळ हसल्या. मग पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेला अर्धा खडा. "तुह्यासाठी ठेवला. विचारलं तूनच होतं."

"माझा गूळ बंद आहे, कार्तिकीपर्यंत."

"मंग कार्तिकीले खा. तवरक ठेव."

मी तो देवघरात ठेवला, वातींच्या डब्याशेजारी. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या. मी झटकून, पुसून, डबीत घालून पुन्हा तिथेच ठेवला. शाल्मली रोज बसनं येते, पार्टिशनपलीकडे पोरी हसतात. मी सातवीला नकाशा भरायला देते आणि ऐकत राहते.